सुप्त क्षयाची रक्तचाचणी

सुप्त क्षयात जंतू शरीरात दबा धरून असतात. खोकला नसतो, ताप नसतो. 'इग्रा' ही रक्तचाचणी जंतूंना नव्हे, तर त्यांना ओळखणाऱ्या पेशींना शोधते. एका प्रचलित पद्धतीत चार नळ्यांत मिळून जेमतेम चार मिलिलिटर रक्त घेतात आणि ते १६ ते २४ तास ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. दोन नळ्यांत क्षयजंतूंची प्रथिने असतात. ओळख पटली, तर पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात. ही प्रथिने बीसीजी लशीत नसल्याने लस टोचलेल्यांतही निकाल फसत नाही; हातावरच्या जुन्या ट्युबरक्युलिन चाचणीची अडचण नेमकी तिथेच होती.

मात्र सुप्त आणि सक्रिय क्षय यांतला फरक ही चाचणी सांगत नाही. समजा, संधिवाताच्या रुग्णाला इन्फ्लिक्सिमॅब सुरू करायचे आहे. या औषधाने दबलेला क्षय उफाळू शकतो. चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आधी लक्षणे विचारून छातीचा एक्स-रे काढतात. सक्रिय क्षय नसल्यास सहा महिने आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड-रिफापेन्टिनचे आठवड्याला एक असे १२ डोस देतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असल्यास निकाल अनिश्चित येऊ शकतो. त्याला निगेटिव्ह समजणे धोक्याचे. एचआयव्हीबाधितांत आणि क्षयरुग्णाच्या घरातल्या पाच वर्षांखालील मुलांत तर सक्रिय क्षय नसल्याची खात्री करून, चाचणीसाठी न थांबताही प्रतिबंधक उपचार देतात.