सूर्याचें क्ष-किरणांतील दर्शन

सूर्याइतकें ओळखीचें असें आकाशांत दुसरें कांहीं नाहीं. तो नित्य उगवतो, नित्य मावळतो; आणि या नियमितपणामुळें तो स्वभावानें शांत असावा, असा आपला समज होऊन बसतो. हा समज डोळ्यांच्या मर्यादेंतून निघाला आहे. क्ष-किरणांत पाहूं गेल्यास तोच सूर्य वारंवार पेट घेणारा, उसळणारा असा दिसतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं रिचर्ड कॅरिंग्टन हा इंग्रज ज्योतिर्विद सूर्यावरील डागांचें चित्र काढीत असतां त्यास दोन लखलखीत ठिपके दिसले आणि थोड्याच मिनिटांत ते विझले. दुसऱ्या दिवशीं युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडलीं. या क्षणिक उद्रेकालाच सौरज्वाला म्हणतात. तिचे क्ष-किरण सुमारें आठ मिनिटांत पृथ्वीवर येऊन थडकतात आणि वातावरणाच्या वरच्या थरांत अशी खळबळ उडवितात कीं, ज्या भागांत दिवस असेल तेथील लघुलहरींवरील रेडिओ मुका होतो. ज्वालेबरोबर कित्येकदां विद्युद्भारित वायूचा लोटहि बाहेर पडतो. त्यास येथवर पोंचण्यास बहुधा एक ते तीन दिवस लागतात. अशाच एका लोटामुळें १३ मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें नऊ तास बंद पडली. म्हणून हा उद्रेक कोठें आणि कसा जन्मास येतो, हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नव्हे.

परंतु सूर्याचे क्ष-किरण वातावरणांतच शोषले जातात. आपल्या जीविताच्या दृष्टीनें ही निसर्गाची कृपा. अभ्यासाच्या दृष्टीनें मात्र अडचण. ती ओलांडण्यासाठीं दुर्बीणच वातावरणाबाहेर नेली पाहिजे. ३० ऑगस्ट १९९१ रोजीं जपाननें उचिनोउरा येथून असा एक उपग्रह सोडला. त्याचें नांव ‘योहको’, म्हणजे सूर्यकिरण. अमेरिका व ब्रिटन येथील शास्त्रज्ञांचें त्यास साहाय्य होतें.

क्ष-किरण आरशावर सरळ पडल्यास परत न फिरतां आंत शिरतात. तळ्यांत उभा टाकलेला दगड बुडतो, पण पाण्यालगत तिरपा फेंकलेला चपटा दगड टप्पे घेत जातो. त्याचप्रमाणें अत्यंत तिरप्या आरशावरून सौम्य क्ष-किरण घसरत जाऊन एकत्र येतात. योहकोची एक दुर्बीण या तत्त्वावर रचिली होती. प्रखर क्ष-किरण मात्र या युक्तीसहि दाद देत नाहींत. त्यांच्यासाठीं दुसऱ्या दुर्बिणींत धातूच्या बारीक जाळ्यांच्या ६४ जोड्या बसविल्या होत्या. प्रत्येक जोडींतून किती किरण पार होतात हें मोजून, त्यावरून गणितानें चित्र सिद्ध करावयाचें, अशी ती योजना होती.

१३ जानेवारी १९९२ रोजीं सूर्याच्या कडेजवळ एक ज्वाला भडकली. सौम्य किरणांच्या चित्रांत तप्त वायूची तेजस्वी कमान दिसली. प्रखर किरण कमानीच्या दोन्ही पायथ्यांशीं दिसले, तें अपेक्षितच होतें. पण त्यांचा तिसरा उगम कमानीच्या माथ्याच्याहि वर आढळला! सातोशी मासुदा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं हा शोध प्रसिद्ध केला. त्याचा अर्थ असा कीं, मूळ स्फोट कमानीच्या आंत नसून तिच्या वर होतो. तेथें ताणलेल्या चुंबकीय बलरेषा तुटून नव्या रीतीनें जोडल्या जातात, सांचलेली शक्ति मोकळी होते, आणि कमान तिच्यामुळें उजळते. शास्त्रज्ञांनीं पूर्वींच मांडलेल्या कल्पनेस असा मोठा आधार मिळाला.

दहा वर्षांहून अधिक काळ योहकोनें सूर्यावर पहारा केला. पुढें १४ डिसेंबर २००१ रोजीं कंकणाकृति ग्रहणाच्या वेळीं चंद्र सूर्याआड आला. उपग्रहाचा सूर्यावरील नेम सुटला, वीज देणाऱ्या पट्ट्या सूर्यापासून ढळल्या आणि विद्युत्घट रिते झाले. तेथेंच त्याचें निरीक्षण संपलें; १२ सप्टेंबर २००५ रोजीं तो वातावरणांत शिरून जळून गेला. ज्या सूर्यास न्याहाळण्यासाठीं तो जन्मला, त्याच्याच दर्शनास अंतरून त्याचा अंत व्हावा, हा दैवयोग विलक्षण खरा.

त्याचें कार्य मात्र खुंटलें नाहीं. २००६ सालीं जपाननें ‘हिनोदे’ हा त्याचा उत्तराधिकारी सोडला. भारताचें ‘आदित्य-एल१’ हें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालें व ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटरांवर स्थिर झालें. सौरज्वालांचे क्ष-किरण मोजणारीं दोन उपकरणें त्यावर आहेत. आणि त्या स्थानीं पृथ्वी किंवा चंद्र सूर्याआड येत नाहीं.

ज्वाला नेमकी केव्हां भडकेल, हें आधीं सांगणें अद्याप साधलेलें नाहीं. तथापि ती कोठून उठते हें कळलें, म्हणजे कोठें लक्ष ठेवावयाचें हेंहि कळलें. आणि लोट येऊन पोंचेपर्यंतचा एखादा दिवस वीज व दळणवळण सांभाळणाऱ्यांस हातीं लागला, तरी तो लाभ थोडा नव्हे.