विद्यार्थ्यांसाठी एक वार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गतकाळाचे गुणगान करणे रीतीला धरूनच होईल. परंतु आमच्या मनात एक शल्य आहे. ते आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात एक विद्यार्थी येत असे. मूळचा मराठवाड्यातला, येथे अभियांत्रिकी शिकणारा. मांडव घालण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत तो राबला. पुढच्या वर्षी तो दिसला नाही. चौकशीअंती कळले की लागोपाठ दोन सत्रांत तो अनुत्तीर्ण झाला होता. वडिलांनी कर्ज काढून धाडलेल्या पैशांची लाज वाटून त्याने कोणालाच काही सांगितले नाही, आणि अखेर शिक्षण अर्धवट टाकून तो गावी परतला. उत्सवाच्या दिवसांतही हे ओझे त्याच्या उरावर होतेच. आम्ही त्याच्या हाती प्रसाद ठेवला. ‘तुझे कसे चालले आहे?’ एवढे मात्र विचारले नाही.

साहाय्याची साधने नाहीत, असे नव्हे. शासनाने २०२२ साली ‘टेलि-मानस’ सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही, बोलता येते. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. परंतु समुपदेशकाचे दार विद्यार्थ्यालाच ठोठवावे लागते, आणि ज्याला लाजेने ग्रासले आहे त्याचा हात त्या दारापर्यंत पोहोचत नाही.

या अडचणीवरचा मार्ग याच नगरीने एकदा दाखविला आहे. पी.जी.आय.च्या मनोविकारशास्त्र विभागाने डॉ. एन. एन. विग यांच्या पुढाकाराने १९७५ पासून हरियाणातील रायपूर राणी भागात एक प्रयोग केला. रुग्णाने मोठ्या रुग्णालयात यावे म्हणून वाट न पाहता गावातल्या आरोग्यसेवकांनाच मनोव्यथा ओळखण्याचे शिक्षण दिले. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला अशा प्रयोगांचा आधार लाभला. तज्ज्ञ हवाच, पण तज्ज्ञापर्यंत नेणारा जवळचा माणूसही हवा, हे त्याचे सार.

असा जवळचा माणूस महाराष्ट्राला नवा नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या प्रथेत जातीची चौकट होती आणि मिंधेपणाही होता, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’चा मार्ग दिला, आणि पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन झाली. तरीही वाराचा एक गुण घेण्याजोगा आहे: ठरलेल्या दिवशी मुलगा आला नाही, तर त्या घरी ते लगेच ध्यानात येई.

आमची सूचना एवढीच. पंजाब विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय वा पी.जी.आय. येथे शिकणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी एकेकाला आपल्यातील एकेका कुटुंबाने महिन्यातला एक ठरलेला वार द्यावा. जातपात विचारू नये, उपकाराची भाषा नसावी. पिठले-भात पुरे. गुणपत्रिकेची चौकशी आधी करू नये. ऐकावे अधिक, उपदेश कमी करावा. त्याने सांगितलेले चारचौघांत बोलू नये. मात्र जिवाला धोका दिसल्यास गुप्ततेचे कारण पुढे न करता त्याला एकटे सोडू नये, आणि स्वतः सोबत जाऊन डॉक्टरांकडे न्यावे. तो ठरल्या दिवशी आला नाही, तर त्याच संध्याकाळी वसतिगृहावर जावे.

परक्या मुलखात हिंदी-इंग्रजीत व्यवहार होतो. पण रडू मातृभाषेतच येते. ते ऐकणारे एक घर या नगरीत असावे. आमच्या घरचा वार गुरुवार आहे. पहिले नाव आमचे लिहून घ्यावे, ही कार्यवाहांना विनंती.