पॅकेज बांधणाराची जबाबदारी

डेबियन ही लिनक्स प्रणाली इयन मरडॉक यांनीं १९९३ सालीं आरंभिली. तींत घ्यावयाच्या प्रत्येक प्रोग्रॅमचें पॅकेज बांधावें लागतें. तो कोणत्या इतर पॅकेजांवर अवलंबून आहे, परवाना कोणता, बदल केव्हां झाले, हें सारें त्यांत नोंदवितात. काम कारकुनी भासतें, पण त्यांत विश्वस्ताची जोखीम असते. गुप्त संदेशांसाठीं असलेल्या ओपनएसएसएलच्या पॅकेजांतून २००६ सालीं दोन ओळी गाळल्या गेल्या. हेतु इतकाच, कीं तपासणीच्या साधनाची तक्रार मिटावी. परिणामीं प्रत्येक प्रकारच्या व लांबीच्या सुमारें ३२,७६८ किल्ल्याच संभवूं लागल्या. मे २००८ मध्यें दोष उघडकीस आला आणि असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या. दुसऱ्याच्या लेखनांतील ओळ खोडण्यापूर्वीं तिचें प्रयोजन पुरतें जाणावें, व केलेला बदल मूळ लेखकाच्या नजरेखालून घालावा, हेंच शहाणपण.