पडसे आणि कळसूबाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोल, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी विषय विचारला. त्या म्हणाल्या, "तुझ्या पडशाबद्दल बोल." आता तुम्ही हसलात, तशीच तेव्हा मीही हसले. पडसे हा काय भाषणाचा विषय झाला? दोन दिवस नाक वाहते, सुंठेचा काढा पोटात जातो, आणि आपण पुन्हा पोळपाटाशी उभ्या. पण याच क्षुल्लक पडशाने माझ्याकडून एक चूक करविली, आणि तिची किंमत मात्र दुसऱ्या कोणी भरली. ती हकीगत आज सर्वांपुढे सांगून टाकते.

२०२३ सालच्या जानेवारीत आपल्या मंडळाची सहल कळसूबाईला न्यायचे ठरले. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. आपल्या नाशिकहून घोटीमार्गे बारी गावाला जायचे आणि तिथून चढायचे. वाटेत उभ्या कातळाच्या जागी लोखंडी शिड्या आहेत. वर्गणी गोळा करणे, गाडी ठरविणे, बारीत पिठले-भाकरीची सोय करणे, हे सारे माझ्याकडे होते.

आपल्या मंडळातल्या मावशी तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. शिखरावर जाऊन देवीची ओटी भरायची, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यासाठी तीन महिने त्या रोज सकाळी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढत-उतरत होत्या. ओटीचा खण त्यांनी दिवाळीतच आणून ठेवला होता.

सहलीच्या सोमवारी मला पडसे झाले. शुक्रवारपर्यंत नाक मोकळे झाले, पण खोकला छातीत उतरला आणि रात्री अंगात कणकण भरली. रविवारी पहाटे निघायचे होते. घरात कोणाचे अंग नुसते कोमट लागले तरी मी त्याला पांघरुणात घालते. स्वतःच्या तापाला मात्र गोळी घेतली, शाल गुंडाळली आणि गाडीत जाऊन बसले. कोणाला काही बोलले नाही. मी नाही गेले तर सहल मोडेल, असा एक अहंकारही त्यात होता, हे आज कबूल करते.

चढाला लागलो आणि अर्ध्या तासात धाप लागली. गार वारा तोंडातून आत गेला की खोकल्याची उबळ येई. दुसऱ्या शिडीच्या पायथ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले. मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं, हे तर चांगलंच तापलंय! कधीपासून?" मी म्हटले, "परवापासून. पण तुम्ही पुढे व्हा मावशी, मी बसते इथे." त्या म्हणाल्या, "तुला तापात इथे टाकून मी कुठली ओटी भरू?" बाकीच्यांना त्यांनी वर धाडले, ओटी एकीच्या हाती दिली, मला आपली शाल पांघरली आणि पायरी पायरीने खाली आणले. मी रडू लागले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "शिखर कुठे पळून जातंय? पुढच्या वर्षी येऊ."

शिखर जागेवरच राहिले, पण मावशींचे गुडघे राहिले नाहीत. त्याच वर्षी त्यांचे गुडघे दुखणे बळावले आणि डॉक्टरांनी चढण बंद केली.

त्यानंतर मी डॉक्टरांना नीट विचारून घेतले. जे कळले ते तुम्हांला सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींना हे ठाऊक नसते.

पडसे विषाणूंमुळे होते. ते बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो. त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डोंगरावर जावे की नाही, याची एक सोपी खूण आहे. त्रास मानेच्या वरचा असेल, म्हणजे नाक वाहणे, शिंका, घसा किंचित खवखवणे, तर सपाटीवर बेताने चालायला हरकत नाही. त्रास मानेच्या खाली उतरला असेल, म्हणजे छातीतला खोकला, धाप, अंगदुखी, किंवा ताप असेल, तर घरी पडून राहावे. तापात हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात, त्यात चढाचा भार. क्वचित विषाणूची बाधा हृदयाच्या स्नायूलाही होते, तेव्हा तर असे श्रम जिवावर बेततात. आणि गोळीने उतरलेला ताप हा उतरलेला ताप नव्हे, तो झाकलेला ताप होय. गोळीवाचून पूरा एक दिवस ताप नाही, असे झाले की मग आधी अंगणात, मग सपाटीवर, मग जिन्यावर, आणि शेवटी डोंगरावर, अशा पायरीने जावे. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. चोंदलेले नाक मोकळे करण्याच्या काही गोळ्यांनीही रक्तदाब वाढतो.

थंडीत डोंगर अधिक का बाधतो, तेही सांगते. हजार मीटर वर गेले की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी गार होते. नाशिक सुमारे सहाशे मीटरवर आहे. म्हणजे इथे स्वेटर पुरला तरी शिखरावर तो पुरणार नाही, आणि वारा वेगळाच. आपले नाक हवा ऊन आणि ओलसर करून आत पाठविते. ते चोंदले की आपण तोंडाने श्वास घेतो, आणि गार, कोरडी हवा थेट श्वासनळीवर जाते. म्हणून नाकातोंडावरून रुमाल बांधावा. सुती कपडा घामाने भिजला की अंगावरच गारठतो. कोरडा जोड पिशवीत असू द्यावा. तहान लागली नाही तरी ऊन पाणी घोट घोट घ्यावे. आणि पडसे झालेल्या बाईने आपली पाण्याची बाटली दुसरीला देऊ नये.

पण भगिनींनो, हे सारे ज्ञान मला त्या वेळी असते तरी मी बोलले असते का? मला शंका आहे. कळसूबाईची कथा तुम्ही ऐकली असेल. कळसू ही कोळ्यांची मुलगी. ती एका घरी कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, अशी अट तिने आधीच घातली होती. एके दिवशी घरच्यांनी तेच काम सांगितले. तिने ते केले आणि ती तडक डोंगरावर निघून गेली, ती पुन्हा खाली आली नाही, असे सांगतात. आपण काही डोंगरावर निघून जायचे नाही. पण त्या पोरीने आपल्याला काय झेपेल आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी तोंडाने सांगितले होते. तिच्या दर्शनाला निघालेल्या मला "मला ताप आहे" एवढे तीन शब्द उच्चारता आले नाहीत!

२०२५ च्या जानेवारीत आपण पुन्हा निघालो. याही वेळी मला आधी पडसे झालेच. मी त्याच दिवशी सर्वांना कळविले. कोणी रागावले नाही. सहल दोन आठवडे पुढे गेली, इतकेच. मावशी बारीपर्यंत आल्या. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मगच खण माझ्या हाती दिला. शिखरावर मी तो देवीला वाहिला. वरून भंडारदऱ्याचे पाणी, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, सारे स्वच्छ दिसत होते. खाली आल्यावर मावशींनी एकेक विचारून घेतले आणि मी सांगत गेले. पण सांगणे म्हणजे पाहणे नव्हे, हे आम्हां दोघींनाही कळत होते.

म्हणून आपल्या कार्यकारिणीने आता एक साधा नियम केला आहे. सहलीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकीला फोन करून एकच प्रश्न विचारायचा: "प्रकृती कशी आहे?" आणि त्याला "तशी बरी आहे" हे उत्तर चालणार नाही. खरे ते सांगायचे. जी राहील तिची वर्गणी परत मिळेल.

मावशी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची क्षमा मी घरी जाऊन मागितली होती. आज चार जणींच्या देखत मागते, आणि आपली रजा घेते.