काळ्या मातीतील विजेची सायकल आणि तिचे टायर

(परभणी जिल्ह्यातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेच्या सायकलीविषयी बोलावयाचे म्हटले की श्रोते बॅटरीविषयी ऐकण्याच्या तयारीने बसतात. एका भारात किती किलोमीटर, किंमत किती, परवाना लागतो काय, हे प्रश्न ठरलेले असतात. परवान्याचे उत्तर सोपे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ते मोटार वाहन मानले जात नाही. नोंदणी व परवाना लागत नाही. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र ज्याकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही, त्या टायरविषयी.

हे मी अनुभवाने शिकलो. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात सकाळच्या शाळेला निघालो होतो. पाऊस थांबून चार दिवस झाले होते, डांबरी रस्ता कोरडा होता. परंतु एका वळणावर सोयाबीनच्या शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरने चाकांबरोबर ओला चिखल रस्त्यावर आणून टाकला होता व त्यावर दव पडले होते. पुढचे चाक बाजूला सरकले आणि मी मनगट मोडून घेतले. दीड महिना फळ्यावर डाव्या हाताने लिहिले. सायकल नवी होती. टायर मात्र गुळगुळीत, शहरी रस्त्याचे होते.

थंड देशांत हिवाळ्याचे वेगळे टायर असतात. फिनलंडमध्ये १९३४ साली मालमोटारींसाठी जगातील पहिले हिवाळी टायर तयार झाले. साधे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते, त्याची पकड जाते; म्हणून हिवाळी टायरचे रबर मऊ राखलेले असते. बर्फासाठी काही टायरांत लोखंडी खिळेही बसवितात. परभणीची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रावर काही वर्षी पारा ५ अंशांखाली उतरला आहे. तेव्हा असे टायर आपणही आणावेत काय, असे एका उत्साही सहकाऱ्याने मला विचारले. नको. आपल्याकडे पहाटे ८ अंश असले तरी दुपारी २८ होतात आणि मे महिन्यात ४३-४४. ते मऊ रबर आपल्या डांबरावर झिजून जाईल. आपला खरा ‘हिवाळा’ जूनमध्ये सुरू होतो आणि त्याचा बर्फ काळ्या रंगाचा असतो.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी चिकटते की प्रत्येक फेऱ्याला चाक जाड होत जाते. जुन्या लोखंडी धावेच्या बैलगाड्या याच मातीत आसापर्यंत रुतत. टायरगाडी आली तेव्हा बैलांचे श्रम कमी झाले, कारण रुंद टायर वजन पसरवितो. सायकलीलाही तोच न्याय लागू आहे. तथापि रुंदी वाढली की मडगार्डमधील जागा कमी होते, तेथे चिखल अडकतो आणि चाक जागीच थांबते. म्हणून टायर व मडगार्ड यांत दोन बोटे तरी सहज जावीत, हे दुकानातच पाहावे.

नक्षीबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. ओल्या डांबरावर खोल नक्षी असली म्हणजे सायकल घसरत नाही, असे समजले जाते. मोटारीच्या बाबतीत ते खरे आहे, कारण तिच्या रुंद टायरखाली पाण्याचा थर अडकतो. सायकलच्या अरुंद, ताठ टायरखाली तसा थर अडकावयास ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग लागेल! स्वच्छ ओल्या डांबरावर पकड देतो तो रबराचा कस आणि बेताची हवा. नक्षी उपयोगी पडते ती चिखलात, आणि तीही गाठी विरळ असतील तर. दाट गाठींत माती भरून टायर पुन्हा गुळगुळीत होतो. मात्र पूर्ण गाठीचा टायर डांबरावर घरघरतो व बॅटरी खातो. ज्यांचा मार्ग आठ किलोमीटर डांबर आणि एक किलोमीटर पाणंद असा आहे, त्यांनी मध्यभागी सलग पट्टी व दोन्ही कडांना विरळ गाठी असलेला, ४७ ते ५० मिलिमीटर रुंदीचा टायर घ्यावा. दोन टायरांपैकी चांगला नेहमी पुढे बसवावा. मागचे चाक घसरले तर पाय टेकून सावरता येते, पुढचे घसरले तर माझ्यासारखी गत होते. मोटार मागे असल्याने मागचा टायर लवकर झिजतो. तो झिजलेला टायर काटकसर म्हणून पुढे कोणी घालू नये.

आता काट्यांविषयी. बांधावरची बाभूळ, वेडी बाभूळ आणि पावसाळ्यानंतर वाळलेले सराटे यांनी आपल्या जिल्ह्यात सायकलीचे जितके नुकसान केले असेल, तितके चिखलानेही नसेल. साध्या सायकलीचे चाक न काढता दुकानदार नळी बाजूने ओढून ठिगळ लावतो. विजेच्या सायकलीलाही ते करता येते. पण नळीच बदलावयाची झाली तर मोटारीची तार सोडवावी लागते आणि गावातील कारागीर हात लावावयास कचरतो. म्हणून आतून काटारोधक पट्टा असलेला टायर थोडा महाग पडला तरी घ्यावा. नळीत भरावयाचा चिकट द्रव बारीक छिद्रे बुजवितो, परंतु आपल्या उन्हाळ्यात तो काही महिन्यांत वाळतो, हे विक्रेता सांगत नाही.

हवा आठवड्यातून एकदा मोजावी. दुपारी ३० अंशांत भरलेली ४० पौंड हवा पहाटे १० अंशांत, जराही न गळता, साडेतीन पौंडांनी उतरते. किती भरावी तो आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. पेट्रोल पंपावर भरताना जपावे. तेथील दाब सायकलची नळी क्षणात फोडतो.

पंचायत सदस्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्यापासून किती मुलींची शाळा टिकली, हे शिक्षकांना ठाऊक आहे. त्याचबरोबर पंक्चर सायकल पडवीत आठवडाभर पडून राहिली की मुलगीही आठवडाभर घरी राहते, हेही ठाऊक आहे. उद्या आशा सेविका किंवा पाणीपुरवठा कर्मचारी यांच्यासाठी विजेची सायकल घ्यावयाची झाल्यास दरपत्रक मागविताना ‘टायरसह’ एवढेच लिहू नये. रुंदी, काटारोधक पट्टा व भारतीय मानक २४१४ यांचा उल्लेख करावा आणि मापही लिहावे. २६ गुणिले १.९५ आणि २६ गुणिले १ पूर्णांक ३/८ हे दोन्ही टायर बाजारात ‘सव्वीसचे’ म्हणूनच विकले जातात. पहिला ५५९ मिलिमीटरच्या धावेवर बसतो, दुसरा ५९० च्या. एक दशांशात, दुसरा व्यवहारी अपूर्णांकात. दोन्ही सारखेच मानून मी एकदा तालुक्याच्या बाजारातून टायर आणला आणि दुसऱ्या दिवशी चार किलोमीटर चालत शाळेत गेलो. टायरच्या कडेवर ‘५०-५५९’ असे मिलिमीटरमधील माप छापलेले असते. दरपत्रकात तेच लिहावे. आणि त्या मापाचा टायर व नळी जिंतूर, गंगाखेड किंवा सेलूच्या बाजारात मिळते काय, याची चौकशी सायकली येण्यापूर्वी करावी.