बेटावरचे गोडे पाणी
(किनारपट्टीवरील बागायतदारांसमोर केलेले भाषण)



लक्षद्वीपची 36 बेटे मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर. वस्ती 10 बेटांवर. नदी नाही, ओढा नाही. तरी उथळ विहिरींना गोडे पाणी लागते. ते येते कोठून?

पावसाचे पाणी पोवळ्याच्या वाळूत मुरते आणि हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 फूट उंच असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे 40 फूट गोडे पाणी, असा ढोबळ हिशेब आहे. आता याची दुसरी बाजू पाहा. उपशाने पातळी कायमची 1 फूट उतरली, की खालचे खारे पाणी हळूहळू 40 फूट वर येते! मधे सरमिसळीचा थर असल्याने विहीर त्याआधीच मचूळ होते.

कवरत्तीला 2005 मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा, रोज 1 लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. पिण्याची सोय झाली. माडाला मात्र जमिनीतलेच पाणी हवे.

आपल्या किनाऱ्यालगतच्या वाळूतील बागांनाही हेच लागू पडते. पाणी कमी पडले म्हणून विहीर खोल करू नका. तो खाऱ्या पाण्याला आवतण देण्याचा प्रकार आहे. पंप सलग न चालवता थोडा थोडा उपसा करा. आळ्यात सोडणे पुरा, झावळ्यांचे आच्छादन घाला. छपराचे पाणी टाकीत साठवा. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवा, कारण वाळू पाण्याबरोबर घाणही झपाट्याने मुरवते.

पाणी मचूळ लागताच उपसा थांबवा. एका पावसाळ्यात विहीर सुधारेलच, असे नाही.