चित्र काढणाऱ्या मुलीची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायला उभी राहिलेली बाई बहुधा चार गोड शब्द बोलून खाली बसते. मी मात्र आज माझी एक चूक आपणांपुढे सांगणार आहे. कारण तशी चूक आपल्यापैकी कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराच्या दुरुस्तीला एक गवंडी येत असत. दहावीतली त्यांची मुलगी दुपारी डबा घेऊन येई. एके दिवशी तिने वहीच्या मागच्या पानावर काढलेला आपल्या घराचा नकाशा मला दाखवला. एवढीशी एक खोली. पण पाण्याचे पिंप कुठे, आजीची खाट कुठे, मोरीला आडोसा कसा, रात्री दिवा लावून अभ्यासाला बसायचे कुठे, हे सारे तिने नीट बसवले होते. मला तिचे फार कौतुक वाटले. मी म्हटले, "तुझा हात इतका छान आहे, तू आर्ट्‌सलाच जा हो." तिने माझे ऐकले.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली. "काकू, घरांचे नकाशे काढायला शिकवतात ते कॉलेज कुठे असते?" चौकशी केली तेव्हा मला कळले, की वास्तुविद्येच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी बारावीला गणित लागते, नाहीतर दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका गणितासह केलेली लागते. पुन्हा मागे जाऊन तीन वर्षे घालवायला तिच्या घरची मंडळी तयार नव्हती. आज ती एका दुकानात हिशेब लिहिते. जे गणित मी तिला सोडायला लावले, तेच ती दिवसभर करते!

ही विद्या बायकांना वर्ज्य आहे असे नाही. पेरीन मिस्त्री यांनी मुंबईच्या जे. जे. मधून १९३६ साली वास्तुविद्येची पदविका घेतली. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वास्तुशिल्पज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतात. पण त्यांचे वडील स्वतः त्याच व्यवसायात होते. ज्या घरात ड्रॉइंग बोर्ड सोडाच, टेबलही नाही, त्या घरातल्या मुलीला ही वाट कोणी दाखवायची?

अण्णा कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी सुरू केलेल्या संस्थेने पुढे १९९४ साली पुण्यात खास मुलींसाठी वास्तुविद्येचे महाविद्यालय काढले. २०२४ साली आपल्या शासनाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. या गोष्टी मोठ्याच आहेत. परंतु फीची माफी दारापर्यंत पोहोचलेल्या मुलीसाठी असते. आमची मुलगी दारापर्यंत पोहोचलीच नाही. शिवाय मोठाले कागद, पुठ्ठ्याच्या प्रतिकृती, रात्रीची जागरणे आणि इंग्रजी पुस्तके यांचा भार फीमाफीने उतरत नाही.

मग करायचे काय? कच्छमधले एक उदाहरण सांगते. तिथे 'कलारक्षा' या संस्थेने २००५ साली कारागिरांसाठी डिझाइनची शाळा काढली. भरतकाम करणाऱ्या बाया वर्षभर घर सोडून कशा शिकणार? म्हणून वर्षाच्या अभ्यासाचे दोन-दोन आठवड्यांचे सहा वर्ग केले. मधल्या काळात घरी राहायचे, काम करायचे आणि शिकलेले करून पाहायचे. शिकवणे गुजरातीत; बायकांचे वर्ग निराळे. पिढ्यान्‌पिढ्या भरतकाम करत आलेली बाई तिथे रंगसंगती शिकली, नवी नक्षी योजू लागली. शिकणारीच्या संसाराकडे पाहून शाळेने आपले वेळापत्रक बेतले, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

आपले मंडळ कॉलेज काढू शकत नाही. पण वाट तरी मोकळी करू शकते. पहिली गोष्ट, दहावीचा निकाल लागण्यापूर्वी आपल्या वस्तीतल्या आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलींना व त्यांच्या आयांना बोलावून सांगूया: नकाशे काढायचे असतील तर गणित सोडू नका. दुसरी गोष्ट, मंडळाची ही खोली दुपारी बंदच असते. इथले मोठे टेबल आणि दिवा एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलींना रोज दोन तास द्यावा. तिसरी गोष्ट, यंदाच्या संक्रांतीला प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी त्या पैशांतून कंपासपेट्या आणि रंगपेट्या घेऊन ठेवाव्यात. ज्या भगिनींचे गणित चांगले आहे, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. हातची पोळी टाकून या असे मी म्हणत नाही. पोळ्या झाल्यावर या!

ओटा एका टोकाला आणि मोरी दुसऱ्या टोकाला, असली घरे आपण जन्मभर सोसली. घर कसे हवे हे जिला कळते, तिच्या हाती पेन्सिल राहिली तर पुढच्या बायकांना ते सोसावे लागणार नाही.

त्या मुलीचा नकाशा अजून माझ्या कपाटात आहे. तिच्या धाकट्या बहिणीचे यंदा दहावीचे वर्ष आहे. या खोलीतल्या टेबलाशी पहिली खुर्ची तिच्यासाठी ठेवावी, एवढे मागून मी आपली रजा घेते.